मेंदूची टोपी आणि सनाचे कान

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला पहिला मंगळवार. ठिकाण: लोणावळ्यात तुंगार्लीतल्या एका बंगल्याचा तळमजला. हजर: सना, वय सात महिने. तिची आई रुबिना. वडिलांकडची आजी हमीदा मावशी. आमच्या मॅडम, म्हणजे संशोधन प्रकल्पाच्या प्रमुख. मशीनवर ओंकार. आणि मी, समन्वयक. सनाचे वडील सलीमभाई फाटकाबाहेर रिक्षात बसून होते. त्यांना आत बोलावलं तर म्हणाले, बायकांच्यात माझं काय काम.

प्रत्येक सत्राआधी मी अशी हजेरी लिहीत असे. त्याआधी बरीच वर्षं मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं होतं. आलेला माल, गेलेला माल, कुणी नेला, परत आला का, हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. कारखाना बंद झाला आणि मी या संशोधनात आले. इथे मालाऐवजी बाळं होती, एवढाच फरक, असं मी पहिल्या महिन्यात गमतीने म्हणायची. नंतर म्हणणं सोडलं.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या घरच्यांनाही ते कधी नीट समजलं नाही. तान्ही बाळं मोठ्यांची नक्कल करतात. आपण आ केला की ती आ करतात, आपण टाळ्या वाजवल्या की काही महिन्यांनी तीही हात आपटायला लागतात. हे कुणीही आई सांगेल. मॅडमना हवं होतं ते यामागचं: दुसऱ्याला एखादी गोष्ट करताना नुसतं बघत असताना बाळाच्या मेंदूत काय चालतं. मेंदूत अगदी बारीक विजेच्या लहरी असतात. स्वतः हात हलवताना त्यांतली एक विशिष्ट लहर मंदावते, आणि दुसऱ्याचा हात हलताना बघितला तरी ती थोडी मंदावते. जणू बाळ मनातल्या मनात आपलाही हात हलवून बघतं. ही लहर टिपण्यासाठी बाळाच्या डोक्यावर जाळीची टोपी घालायची. टोपीला स्पंजचे छोटे गोळे, त्यांत तारा. टोपी मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायची, त्या पाण्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार थेंब. विजेचा झटका बसत नाही, सुई नाही, औषध नाही. टोपी फक्त ऐकते. हे 'टोपी फक्त ऐकते' वाक्य माझंच. घरोघर फोनवर मी ते इतक्या वेळा म्हटलंय की आता त्याचा मला राग येतो.

बाळ आईच्या मांडीवर बसे. आईने हलायचं नाही, हसायचं नाही, बोलायचं नाही. समोर मॅडम. त्या डबीचं झाकण उघडत, परत लावत. जीभ बाहेर काढत, आत घेत. मग डबी बाळाच्या हातात. सगळं चिडीचूप, कारण आवाज झाला की मेंदूत आवाजाच्या वेगळ्या लहरी उठतात आणि आम्हाला हव्या त्या सापडत नाहीत. खोलीचा पंखा बंद, मोबाईल बाहेर, दारात चपलासुद्धा हळू काढायच्या.

कागदावर हे सोपं होतं. मावळात नव्हतं. पहिली अडचण तेलाची. आमच्याकडे बाळाची टाळू रोज भरतात. वाटीभर तेल जिरवल्याशिवाय आजीला समाधान नाही. तेलकट डोक्यावर स्पंज टेकत नाहीत, ओंकारच्या पडद्यावर नुसती खरखर दिसते. दोन दिवस तेल लावू नका, एवढं सांगायला मी फोन करायची, तर पवना धरणाकडच्या एका आजींनी मला सुनावलं, "तुमची टोपी दोन तासाची. टाळू जन्माची हाय." त्यांनी लावलंच. मी बंगल्याच्या मोरीत त्या बाळाचं डोकं तीनदा धुतलं आणि ते धुतल्यावर गाढ झोपून गेलं. सत्र रद्द. आजी जाताना म्हणाल्या, बघा, तेल लागलं की लेकरू कसं झोपतं.

दुसरी अडचण जीभ. अनोळखी बाईने आपल्या नातवासमोर जीभ काढायची, हे आज्यांना अजिबात पसंत नव्हतं. लेकराला वेडावून काय दाखवता, असं एकीने मॅडमना तोंडावर विचारलं. मॅडम परदेशात शिकून आलेल्या, त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मीच म्हटलं, मावशी, पगार आहे त्यांना त्याचा. त्या इतक्या हसल्या की आईही हसली, बाळही हसलं आणि ते सत्रही गेलं.

वरच्या आळीतल्या बंगल्यात मुंबईहून येऊन राहिलेलं एक जोडपं होतं. त्यांना मुलाच्या मेंदूचा 'स्कोअर' हवा होता. शाळेच्या प्रवेशाला जोडता येईल का, असं विचारत होते. मूल तेव्हा नऊ महिन्यांचं. मी त्यांना अर्धा तास समजावलं, की हे संशोधन आहे, तपासणी नाही. आम्ही पुष्कळ बाळांची सरासरी बघतो. तुमच्या एका बाळाबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही, आणि परवानगीच्या अटींप्रमाणे सांगायचंही नाही. ते नाराज होऊन गेले. मला वाटलं, शिकलेल्या माणसांना हे समजत नाही, इतरांना काय समजणार. इतरांना मी तेच, त्याच शब्दांत, दर वेळी सांगत होते. सगळे मान डोलवायचे. पण डोक्याला तारा लावून, पडद्यावर रेघा बघून, शेवटी तपासणी नाही असं म्हणणारी बाई कोण खरी धरणार? दवाखान्यात रेघा काढतात तेव्हा त्या कशासाठी असतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

आता त्या मंगळवाराकडे येते. हमीदा मावशींचं घर वराळ्यात. सलीमभाईंचं तिथे पंक्चर आणि बॅटरीचं दुकान. सनाचं जावळ अकीक्याला, म्हणजे सातव्या दिवशीच, काढलेलं होतं. केस नुकते बोटभर आलेले, आम्ही सांगितल्याप्रमाणे मावशींनी तेलही लावलेलं नव्हतं. टोपी अशी बसली की ओंकारने खुर्चीतूनच अंगठा दाखवला. आणि सना मॅडमकडे बघायला लागली. आमची बाकीची बाळं पंख्याकडे बघायची, आईच्या बांगडीकडे बघायची, दाराबाहेर कुणी खाकरलं तर तिकडे वळायची. सना एकटक मॅडमच्या तोंडाकडे. मॅडमनी जीभ काढली. सनाने काढली. मॅडमनी आ केला. सनाने केला. डबी हातात दिल्यावर तिने झाकण उघडण्याची जी खटपट केली ती बघून हमीदा मावशींनी पदर तोंडाला लावला.

टोपी काढल्यावर मॅडम सनाला उचलून घेऊन म्हणाल्या, "हिचा मेंदू एक नंबर आहे, मावशी."

हे कौतुक होतं. बाळाला कुणीही म्हणतं तसं. पण ते म्हणणारी बाई पांढऱ्या कोटात होती आणि तिच्या मागे पडद्यावर रेघा चालू होत्या. नंतर मॅडमनी लिहिलेले संशोधनाचे लेख मी वाचले. त्यांत दर ओळीत 'असू शकेल', 'असे दिसते', 'अधिक अभ्यासाची गरज आहे'. त्या दिवशी मात्र वाक्य साफ होतं.

जाताना आम्ही प्रत्येक बाळाचा टोपी घातलेला फोटो चौकटीत घालून द्यायचो. वर संस्थेचं चिन्ह, खाली 'छोटी संशोधक'. ही कल्पना मॅडमची, आणि चांगली होती. लोकांना आवडायची.

दुसरं सत्र मे महिन्यात. सना दहा महिन्यांची. तुंगार्लीत त्या दिवसांत वीज सारखी जायची. मॅडम डबी उघडत होत्या आणि वीज गेली. अशा वेळी बॅटरीचं यंत्र किंचाळायला लागतं. त्या आवाजाने आजवर एकूण एक बाळ दचकलेलं होतं, दोघांनी तर टोपी ओढून काढलेली. रुबिना दचकली. मी दचकले. सनाने पापणीही हलवली नाही. ती मॅडमच्या हाताकडे बघत राहिली. ओंकारने यंत्र बंद करेपर्यंत ते किंचाळत होतं, आणि मॅडमचे हात मधेच थांबले होते, त्या थांबलेल्या हातांकडे सना बघत होती.

मंडळी गेल्यावर मी मॅडमना म्हटलं, हिला ऐकू येत नसावं.

त्यांनी टोपी धुवायला घेतली. हे काम माझं होतं. मग म्हणाल्या, "माझ्याही लक्षात आलंय."

मी विचारलं, मग सांगूया ना. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. आपण कानांची तपासणी केलेली नाही, आपण डॉक्टर नाही, वैयक्तिक निष्कर्ष सांगणार नाही अशा अटीवर नैतिकता समितीने परवानगी दिली आहे. आधी समितीला कळवू, ते म्हणतील तसं. पत्र त्यांनी त्याच आठवड्यात पाठवलं. त्यांनी टाळलं असं मी म्हणणार नाही. सना प्रकल्पातून वगळली गेली तर आमची सगळ्यात स्वच्छ नोंद जाणार होती, तरीही पाठवलं. मात्र ते समितीच्या बैठकीपुढे ठेवायचं होतं, आणि बैठक कधी होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. ओंकार म्हणाला, "ताई, पहिली टोपी समितीला घाला. जागे आहेत का कळेल."

मी थांबले नाही. पुढच्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, प्रकल्पाची बाई म्हणून नाही, शेजारच्या तळेगावची ओळखीची बाई म्हणून वराळ्याला गेले. बाहेरच्या खोलीत सनाचा फोटो टीव्हीच्या वर, घड्याळाशेजारी. मी चहा घेतला आणि हमीदा मावशींना सांगितलं, की एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. त्यांनी फोटोकडे बोट केलं.

"पोरीचं डोकं मशीननं बघितलंय. तुमच्याच मॅडम म्हनल्या, एक नंबर. अंगनवाडीची बाय बी तेच म्हनत हुती, कानाला दाखवा. तिला बी फोटो दावला. गप बसली."

मी म्हटलं, मावशी, ती टोपी कानाचं काही बघत नाही. त्या म्हणाल्या, "डोकं बघती आन् कान न्हाई बघत? कान काय पायाला असत्यात?" सलीमभाई हसले. त्यात चीड नव्हती.

रुबिना मला कप विसळायच्या निमित्ताने आत घेऊन गेली. स्वयंपाकघराच्या फरशीवर सना चमच्यांशी खेळत होती. रुबिनाने मागून स्टीलचं ताट फरशीवर आपटलं. माझे खांदे उडाले. सना खेळतच राहिली. "रोज आपटते," रुबिना म्हणाली. "सासूबाई म्हनतात, पोर शांत हाय, आवाजाला सरावलीय. ताई, माझं कोन ऐकत न्हाई. त्या फोटूवर जे चिन्न हाय ना, त्याच चिन्नाच्या कागदावर मॅडमना लिहून द्यायला सांगा. कान तपासले न्हाईत, तपासून घ्या. बस. येवढंच."

तो कागद मी मागत राहिले. जूनमध्ये मागितला, जुलैत मागितला. मॅडम म्हणायच्या, समितीचं उत्तर आल्याशिवाय संस्थेच्या कागदावर मी एक अक्षर लिहू शकत नाही, उद्या दुसऱ्या कुणाला चुकीचं सांगितलं गेलं तर? यात तथ्य होतं. आणि सनाचे महिने जात होते. या वयात कान उघडले नाहीत तर बोलणं मागे पडतं, आणि जितका उशीर तितकं ते भरून काढणं अवघड. आमच्याच प्रकल्पाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं, की पहिली दोन वर्षं मोलाची असतात.

समितीचं उत्तर ऑक्टोबरात आलं. सर्व सहभागी कुटुंबांना एक सर्वसाधारण सूचना द्यावी, तिचा मसुदा मंजुरीसाठी पाठवावा. त्याच महिन्यात प्रकल्पाचा निधी संपला. बंगला रिकामा केला. टोप्या खोक्यांत गेल्या. मसुदा कुणी पाठवला नाही, कारण तो पाठवणारं कुणी उरलं नव्हतं. मॅडमना बाहेरदेशी जागा मिळाली.

डिसेंबरात रुबिनाच्या भावाचं लग्न होतं, बेगडेवाडीला. ती सनाला घेऊन माहेरी गेली. लग्न आटोपल्यावर तिच्या वडिलांनी कुणाला न विचारता दोघींना पुण्याला नेलं. झोपेत करतात ती तपासणी झाली. दोन्ही कानांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. डॉक्टरांनी लिहिलं, बहुधा जन्मापासून.

मला वाटलं, उशिरा का होईना, सुटलं. मला वराळं कळलेलं नव्हतं.

हमीदा मावशींचं म्हणणं असं: फेब्रुवारीत मशीनने बघितलं तेव्हा पोर एक नंबर होती. मेमध्ये परत बघितलं, तेव्हाही मॅडमनी काही वाईट सांगितलं नाही. लग्नात रुबिनाने तिला डीजेपुढे नाचवलं आणि लग्नानंतर चार दिवसांत ती बहिरी निघाली. म्हणजे कान कुणी घालवले? नातेवाईक जमले, फोटो खाली काढून हातोहात फिरला. रुबिनाने स्वतःहून सांगितलं, मला आधीपासून कळत होतं. त्यावर तिची चुलत सासू म्हणाली, मग तर तू लपवलंस. सलीमभाई उठून दुकानात गेले. रुबिना त्या दिवसापासून बेगडेवाडीला आहे, सनाला घेऊन. सनाला यंत्रं बसली आहेत, आठवड्यातून दोनदा ती पुण्याला बोलायला शिकायला जाते. सलीमभाई खर्चाला काही कमी पडू देत नाहीत. न्यायला मात्र येत नाहीत.

मी पुण्याच्या डॉक्टरांचा कागद घेऊन वराळ्याला गेले. हमीदा मावशींनी नातवाकडून, म्हणजे मोठ्या मुलाच्या मुलाकडून, तो वाचून घेतला. "बहुधा म्हंजी काय?" त्यांनी मला विचारलं. "त्यास्नी बी नक्की म्हाईत न्हाई. तुमच्या मॅडमला नक्की म्हाईत हुतं."

मग मॅडमचा लेख छापून आला. ओंकारने मला फोनवर पाठवला. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. कुणाच्या नोंदी धरल्या, कुणाच्या गाळल्या, हे सांगणाऱ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: एका बाळाची नोंद श्रवणदोष आढळल्यामुळे वगळली, हा दोष दोन्ही सत्रांच्या वेळीही असावा. इथेही 'असावा'. तरी मी खूश झाले. छापलेलं होतं, मॅडमचं नाव होतं, चिन्ह होतं. मी त्याचं मराठी केलं, दोन्ही कागद घेऊन गेले आणि मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"ह्यात सनाचं नाव कुटंय?"

नाव नसतं, मावशी. बाळांची नावं गुप्त ठेवायची असतात.

"मग हे कुनाच्या बी पोराचं आसंल," त्या म्हणाल्या. "फोटूवर नाव हाय." आणि मग, आवाज खाली आणून, "तुमी वाईट न्हाई. पन तुमी फोन करनाऱ्या. तुमचं कसं धरायचं? जिनं सांगितलं तिला आना. हितं, माझ्या दारात. ती तोंडानं म्हनली का, त्या दिवशी कान बघितलं न्हवतं, तर मी सवता जाऊन सुनंला आनते. सगळ्यांच्या म्होरं."

मी मावशींवर चिडलेले नाही. नात्यांची भांडणं मिटवायची त्यांची रीत तीच आहे: ज्याच्या तोंडून शब्द गेला त्यानेच दारात येऊन तो परत घ्यायचा. कागद चालत नाही, निरोप चालत नाही, फोनवर बोलणंही चालत नाही. मी एकदा मॅडमना व्हिडिओवर आणायचा बेत सांगितला तर मावशी म्हणाल्या, टीव्हीतलं माणूस काय बी बोलतं. मी चिडले आहे ती या गोष्टीवर, की आम्ही मावळातल्या घराघरांत गेलो, टाळूचं तेल थांबवलं, आयांना हसायची बंदी केली, आणि आमच्या बाजूने पाळायची एकच रीत होती, ती आम्हाला जमली नाही.

मॅडमशी माझं बोलणं होतं. त्या फोन उचलतात, टाळत नाहीत. सनाची चौकशी करतात, बोलायला लागली का विचारतात. 'अम्मी' म्हणते, असं सांगितलं तेव्हा त्यांनी मला ते परत सांगायला लावलं. गेल्या जानेवारीत त्या पुण्यात आठवडाभर होत्या. एका परिषदेसाठी. मी गाडी ठरवली होती, तळेगाव स्टेशनवरून वराळं पंधरा मिनिटं. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला, की संस्थेच्या वकिलांचं म्हणणं आहे, असं तोंडी काही कबूल करणं आत्ता योग्य नाही. मी विचारलं, कबूल काय करायचंय, कान तपासले नव्हते हे खरंच आहे ना? त्या म्हणाल्या, खरं आहे, पण.

या दिवाळीनंतर त्या परत येणार आहेत. मी रुबिनाला कळवलेलं नाही, कारण मागच्या वेळी तिने सनाला नवा फ्रॉक घालून वराळ्याला न्यायची तयारी केली होती. सलीमभाईंना मात्र दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं चाक खाली ठेवलं आणि विचारलं, नक्की का. मी म्हटलं, तारीख मिळाली की सांगते. गाडी मी सांगून ठेवली आहे. मॅडमना गेल्या सोमवारी फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, बघते.

तारीख अजून मिळालेली नाही.